आहुपे ते भीमाशंकर, पाच तास

सोमवार, १२ डिसेंबर १९८८

पाय ठणकतायत. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. सकाळी मोहने गावातल्या कंपनीत सेफ्टी बूट चढवताना डोळ्यांत पाणी आलं. तरी आतून हसू येतंय!

आमच्या गिरिभ्रमण मंडळाची माणसं नाणेघाट ते भीमाशंकर चार दिवसांत करतात. स्टोव्ह, पातेली, कणीक, बटाटे, माणशी पंधरा किलोची सॅक. मी एकटा आणि साडेतीन किलो! वाण्याच्या काट्यावर घालून बघितलेली. छत्रीच्या कापडाची शिवलेली पिशवी, अर्धी कापलेली चादर, प्लास्टिकचा तुकडा, टॉर्च, काडेपेटी, पोहे, गूळ, दाणे, खजूर. बस्स.

शनिवारी पहाटे पाचला वैशाखरे सोडलं. नाणेघाट चढून वर आलो तेव्हा ऊन नुकतं पठारावर येत होतं. थांबलो नाही. जीवधनच्या खालून, मग ढाकोबा, मग गच्च रान. पाठीवर ओझं नसलं की पाय विचारत नाहीत, नुसते पळतात. दुर्गवाडीच्या देवळात टेकलो तेव्हा अंधार पडलेला. हे एका दिवसात!

रविवारी साडेनऊला आहुपे. तिथे बसलो तो उठवेना. टाचेचं कातडं मोज्याला चिकटून निघालं. समोर हिरड्याची पोती भरलेला टेम्पो. ड्रायव्हर म्हणाला, "भीमाशंकर? चल की, फाट्याला सोडतो." चढलो. फाट्यावरून दुसरी गाडी मिळाली. बाराला देवळापुढे. तिथून पुन्हा पायी, खांडसला उतरलो, संध्याकाळी कर्जत.

म्हणजे आहुपे ते भीमाशंकरचं जंगल मी पाहिलेलंच नाही. इथे लिहून ठेवतो. बाकी कुठे लिहायची गरज काय?

बुधवार, १४ डिसेंबर

आईने पाय बघितले. "गुन्या, घरान पाय टिकत नाय तुजा. खाडीन होरी हाये, जंगलान काय हाये?"

घरची होडी सोडून डोंगरात कशाला, काय सांगणार तिला. मलाच माहीत नाही.

रविवार, १८ डिसेंबर

डोंबिवलीला मंडळाची बैठक. पंढरी सर खुर्चीत — शाळेत चित्रकला शिकवतात, मंडळ त्यांनीच काढलेलं. बाकी सगळे बँकवाले, कॉलेजवाले. आजवर तिथे माझं नाव 'कंपनीवाला'. फार तर 'कल्याणचा कोळी'. आज सर म्हणाले, "गुणाजी, इकडे पुढे ये. सगळ्यांना सांग."

सांगत गेलो. सगळे गप्प ऐकत होते! सर नकाशावर पेन्सिल फिरवत होते. आहुप्यापाशी पेन्सिल थांबली. "आणि हा टप्पा? किती वेळ लागला?"

"पाच तास."

तोंडातून निघून गेलं. विचार केलाच नाही. कोणीतरी टाळी वाजवली.

"वाट कशी आहे?"

"मळलेली."

"पाणी?"

"आहे ना. देवराई संपली की कड्यालगत टाकं आहे." टाक्याचं टेम्पोतला एक म्हातारा बोललेला. त्यापुढे माझं ज्ञान शून्य.

निघताना सर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लेख लिही. बुलेटिनला."

परत येताना खूश होतो. खोटं बोलल्याचं घरी आल्यावर आठवलं.

रविवार, ८ जानेवारी १९८९

लेख दिला. 'आहुपे ते भीमाशंकर, पाच तास. मळलेली वाट. टाक्यात पाणी.' नुसतं 'पाणी' कसंतरीच वाटत होतं. पुढे 'बारमाही' जोडलं.

रविवार, १२ फेब्रुवारी

बुलेटिन निघालं. सायक्लोस्टाइल केलेलं, शाई अजून हाताला लागते. माझं नाव पहिल्या पानावर.

सगुणा भेटायला आली. मंडळातलीच. ठाण्याला कलेक्टर ऑफिसात टायपिस्ट, राहते विठ्ठलवाडीला. आजवर फार बोललेली नाही. आज सरळ म्हणाली, "गुणाजी, मला पण जायचंय. असंच. एकटीने."

"घरचे?"

"घरी सांगेन मंडळाबरोबर जातेय. दर रविवारी कोणी ना कोणी मला बघायला येतो रे. मी पोह्यांची बशी घेऊन बाहेर येते. डोकं फिरायची वेळ आलीय. दोन दिवस कोणीच नको."

मला कळलं ते. अगदी कळलं. माझं पण तेच आहे — फक्त पोहे नाहीत.

तिने माझी पिशवी हातात घेऊन बघितली. शिवण बघितली. वहीत सगळं उतरवून घेतलं.

रविवार, १९ मार्च

सगुणाची पिशवी तयार. तीन किलो दोनशे! माझ्यापेक्षा कमी. रेशनच्या दुकानात मोजली म्हणाली, दुकानदार हसला.

शुक्रवारी पहाटे निघणार. गुड फ्रायडे आणि चौथा शनिवार जोडून आलेत. शनिवारी संध्याकाळी खांडस. माझंच वेळापत्रक, माझाच लेख घडी घालून पिशवीत. फक्त सरांना सांगितलंय.

मग तिने विचारलं, "पाणी किती घेऊ? उन्हाळा लागलाय."

"एक लिटर पुरे," मी म्हणालो. "टाकं आहे ना."

का बोललो? तेव्हाच सांगायला काय झालेलं? सर शेजारी उभे होते, म्हणून. दुसरं काही नाही.

गुरुवार, २३ मार्च

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर विठ्ठलवाडीला गेलो. ठरवलेलं, आज सांगायचं. तिच्या चाळीच्या ओट्यावर तिचे वडील पेपर वाचत बसलेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी भलत्याच माणसाचं घर विचारलं आणि परत आलो.

शनिवार, २५ मार्च

आज ती खांडसला उतरली असेल.

रविवार, २६ मार्च

चार वाजता पंढरी सर घरी आले! आमच्या कोळीवाड्यात पहिल्यांदाच. आई फाटकं जाळं तुणत बसलेली, ती उठून उभी राहिली. सर बसले पण नाहीत. "सगुणा काल आली नाही. आजही नाही. खांडसला फोन लावला, तिथे कोणी पाहिलेली नाही. तिच्या वडिलांना सगळं सांगावं लागलं. जीप आणलीय, तू चल. वाट तुझ्याइतकी कोणाला माहीत नाही."

मला लगेच कळलं. लगेच! ती कुठे असेल ते.

बोललो नाही. सर घाईत होते. बाहेर जीपमध्ये पाच जण. म्हटलं, दुसरीकडे पण असू शकते. ढाकोबाला कडे आहेत, तिथे घसरली असेल. बस चुकली असेल. असं काहीबाही.

ही छोटी डायरी खिशात टाकतो. निघालो.

सोमवार, २७ मार्च, सकाळी

आंबे गाव, शाळेचा ओटा. माळशेजवरून जुन्नर, मग इथे. कोणी झोपलेलं नाही.

इथला एक गुराखी सांगतो, शुक्रवारी संध्याकाळी ढाकोबाच्या बाजूला लाल ओढणीवाली पोरगी दिसली. त्यापुढे कोणी पाहिलेली नाही. सरांनी नकाशा पसरला. आहुपे ते भीमाशंकरवर पेन्सिलने काट मारली. "हा टप्पा सोपा. गुणाजीने चाललेला आहे. मळलेली वाट, पाणी. तिथे वेळ घालवायचा नाही. सगळे ढाकोबाच्या कड्यांखाली."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

मान हलवली!

बुधवार, २९ मार्च

घरी. क्रमाने लिहितो, नाहीतर डोक्यात नुसतं भिरभिरतंय.

सोमवारी आम्ही कड्यांखाली उतरलो. ऊन असं की कातळाला हात लावला की चटका. सगळे ओरडत होते, "सगुणा! ए सगुणा!" मीही ओरडत होतो. ती तिथे नाही हे माहीत असून ओरडत होतो. बाराच्या सुमाराला सर एका दगडावर बसले. पन्नाशीचा माणूस, चेहरा लालभडक. बाटलीतलं पाणी प्यायला तोंडाशी नेलं आणि तसंच खाली ठेवलं. म्हणाले, "तिच्याकडे पाणी किती असेल रे?"

"एक लिटर. मीच सांगितलेलं."

"बरं, पुढे टाकं तरी आहे."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. "सर, ते पाच तास खोटे आहेत. मी चाललोच नाही तो टप्पा. हिरड्याच्या टेम्पोतून गेलो."

सर माझ्याकडे बघत राहिले. वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आणि टाकं?"

"बघितलेलं नाही."

"बारमाही लिहिलंयस."

"हो."

ते उठले. पँट झटकली. शिट्टी मारून सगळ्यांना गोळा केलं आणि एवढंच म्हणाले, "आहुप्याला चला. आत्ता." कारण सांगितलं नाही कोणाला. जीपमध्ये मी मागे फळीवर बसलो. सगळा रस्ता सर पुढे काचेतून बघत होते.

आहुप्यात पहिल्याच घरात दगडाबाई म्हणून एक म्हातारी भेटली. टाक्याचं विचारलं तर म्हणाली, "त्यात कुठलं पानी? माघातच आटतं ते. अन् शनवारी दुपारी एक पोर गेली की त्या वाटंनं. पानी पिऊन जा म्हनलं तर म्हनाली, म्होरं हाये."

तिचे दोन मुलगे कोयते घेऊन आमच्या पुढे निघाले. मळलेली वाट कसली! देवराई संपली की कारवी आणि ढोरवाटा, दर शंभर पावलांवर फाटे. मी कागदावर पाच तासांत पार केलेलं रान. पायाखाली वाळलेला पाला, इतका आवाज की हाक ऐकू येईना. दगडाबाईचा थोरला दर थोड्या वेळाने हात वर करी, मग सगळे थांबायचे.

पाच वाजता टाकं सापडलं. कोरडं. तळाला पाला आणि एक मेलेला खेकडा. शेजारी तिची पिशवी, नीट तोंड बांधून ठेवलेली.

पुन्हा हात वर झाला. खालून आवाज. दगडावर दगड. टक — टक — मध्येच बंद — पुन्हा टक.

नाळेत होती, कड्यातल्या अरुंद घळीत. तीस-चाळीस फूट खाली, सावलीला. डावा पाय घोट्यातून भलतीकडे वळलेला, सुजून कलिंगडाएवढा. ओठ फुटलेले. सर चमच्या-चमच्याने पाणी पाजत होते आणि रडत होते. तिने मला बघितलं. आवाज फुटत नव्हता तरी म्हणाली, "गुणाजी, टाकं कोरडं होतं रे."

रागावून नाही. जसं काही मलाही माहीत नसणार, म्हणून सांगत होती.

बांबूला घोंगडी बांधून डोली केली. एका टोकाला मी. आहुप्यापर्यंत खांदा बदलू दिला नाही कोणाला. तिथून जीपने घोडेगाव, काल कल्याण. घोट्याचं ऑपरेशन झालं. दोन दिवस मोडक्या पायाने, बिनपाण्याची! डॉक्टर म्हणाले, चालेल, पण डोंगर विसरा.

रविवार, २ एप्रिल

बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं. टेम्पो, बारमाही, एक लिटर. कोणी शिव्या घातल्या नाहीत. बुलेटिनमध्ये दुरुस्ती छापणार. मी मंडळातून नाव काढून घेतो म्हणालो, तर सर म्हणाले, "चूक केलीस. मोठी केलीस. पण वेळेवर बोललास. तू बोलला नसतास तर आम्ही अजून ढाकोबाखालीच असतो."

मग हॉस्पिटलात. तिचे वडील जिन्यावर भेटले. सरांनी त्यांना काय सांगितलंय कोण जाणे, माझे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळे पोरगी हाताला लागली." मला म्हणायचं होतं, माझ्यामुळेच हातची गेलेली. ते ऐकत नव्हते. हात सोडेनात.

ती तिकडे असेल हे माझ्या कधी लक्षात आलं, असं कोणीच विचारलं नाही.

मंगळवार, ४ एप्रिल

दोन रात्री झोप लागली. वेळेवर बोललो. हे वाक्य मशीनवर उभं राहून स्वतःशीच म्हणतो. बरं वाटतं.

रविवार, ९ एप्रिल

सगुणाला घरी आणलं. जायला हवं. नाही गेलो. खाडीच्या कडेने पत्रीपुलापर्यंत चालत गेलो आणि आलो. दोनदा.

शनिवार, १५ एप्रिल

आज गेलो. खाटेवर बसलेली, प्लास्टर उशीवर. हसली. वडील दूध आणायला गेलेले, आई आत. टेम्पोचं सगळं सांगितलं. म्हणाली, "सर बोलले मला." मग प्लास्टरकडे बघत म्हणाली, "मी तिकडे असेन, हे तुला कधी वाटलं?"

'सोमवारी' ओठावर आलेलं. "रविवारी," म्हटलं. "चार वाजता. सर घरी आले तेव्हाच."

तिने उशी सरकवून पाय नीट ठेवला.

"रविवारची सगळी रात्र मी टाक्यापाशी बसलेले, गुणाजी. पाय चांगला होता माझा, पण फाट्यांत परतीची वाट सापडेना. म्हटलं, हलायचं नाही, वाट सगळ्यांना माहितीय, येतीलच कोणीतरी. सोमवारी उजाडल्यावर अगदीच राहवेना, म्हणून पाणी बघायला खाली उतरले. तेव्हा पडले."

आतून तिच्या आईचा आवाज — "गुणाजी, पान वाढलंय हं तुमचं. जेवल्याशिवाय जायचं नाही!"