कुटुंबाची परवानगी

दि. ४ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याला रोज शेक घेतोस असं लिहिलंयस, पण वहिनींना विचारल्याशिवाय मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

इथे निवडणुकीमुळे छापखान्यात मान वर करायला फुरसत नाही. सगळ्या उमेदवारांची पत्रकं माझ्याच टेबलावरून जातात. मुद्रितं तपासून तपासून माझे डोळे असे झालेत की आश्वासनं दिसतच नाहीत, नुसते ऱ्हस्व-दीर्घ दिसतात. काल मात्र एका पत्रकापाशी मी अडखळले. उमेदवार अपक्ष आहे, बाई आहे, आणि आपली माई राहते त्या शुश्रूषा-निवासात नऊ वर्षं परिचारिका होती. गावभर तिला सिस्टर म्हणूनच ओळखतात.

पत्रकात रस्ते नाहीत, गटारं नाहीत. फक्त ज्यांना स्वतःची काळजी घेता येत नाही त्यांच्याबद्दल चार कलमं. निवासांची तपासणी आधी न कळवता व्हावी. तिथल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा, व्यवस्थापक समोर नसताना, कसं चाललंय ते विचारावं आणि त्याचं उत्तर पुरं होईपर्यंत थांबावं. तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याची नोकरी जाऊ नये. चौथं कलम मी तीनदा वाचलं. कुणालाही खाटेला बांधलं तर त्याची नोंद व्हावी आणि घरच्यांना त्याच दिवशी कळवावं.

मला यात कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतं. नऊ वर्षं तिथे असताना ही बाई गप्प होती, आणि मतं मागायची वेळ आली तेव्हा तिला कंठ फुटला? त्यात मुद्रितं न्यायला ती स्वतः आली आणि मी माईची बहीण ना, असं विचारलं. रविवारी सकाळी भेटायला जाता तशा एखाद्या बुधवारी दुपारी जाऊन बघा, असंही म्हणाली. मला संताप आला. माझ्या आजारी बहिणीचं नाव काढून माझं मत मागते! मी तिला म्हटलं, पत्रकात दोन ठिकाणी अनुस्वार राहिलेत, तेवढं बघा. ती बिचारी खरंच वाकून बघायला लागली.

तुझा व्यवस्थापकांशी जुना परिचय आहे. बाई कशी आहे, विचारून कळव. वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
चिमी

---

दि. ९ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

शेक घेतो. वहिनी शेजारी बसून हे वाचते आहे आणि नाक मुरडते आहे, तरीही घेतो.

त्या बाईपासून चार हात लांब राहा. मी व्यवस्थापकांना फोन केला होता. ते सांगत होते की औषधांच्या कपाटातून वस्तू नाहीशा होऊ लागल्या, तेव्हा तिला काढावं लागलं. त्याचा राग ती आता असा काढते आहे. मी हेडमास्तर म्हणून आयुष्य काढलं, अशी माणसं पुष्कळ पाहिली. तोंडी सगळ्या जगाची कळकळ असते आणि आत नुसती धुसफुस.

बुधवारी वगैरे जाऊ नकोस. भेटीचा दिवस ठरलेला असतो तो त्यांच्या सोयीसाठी. आपण नियम मोडून संशय दाखवला तर ते दुखावतील. माईला आजारपणानंतर दुसरं कुणी घेत नव्हतं, हे विसरू नकोस. तिच्या जागेसाठी किती जण थांबलेत! तू एकटी, दोन खोल्यांत राहणारी, दिवसभर छापखान्यात. उगाच घडी विस्कटू नये.

तब्येतीला जप. चष्म्याचा नंबर तपासून घे. तुझी आठवण येथे रोज निघते, तशी तिथे आमची निघावी.

तुझा,
दादा

---

दि. १४ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानं खरं म्हणजे माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तिचं पत्रक आणि तुझं पत्र असे दोन कागद सलग वाचले की जुळत नाही ते लगेच माझ्या नजरेत येतं, त्याला मी काय करू? सिस्टर दुसऱ्या पत्रकासाठी आली तेव्हा मी कपाटाचं तिला तोंडावर विचारलं. तिनं आवाज चढवला नाही. पिशवीतून आपल्या राजीनाम्याची प्रत काढली, त्यावर निवासाचा पोच-शिक्का होता. मी म्हटलं, शिक्के आम्हीही करून देतो. त्यावर ती म्हणाली, माझ्यावर विश्वास ठेवूच नका, बुधवारी जा.

गेले. दादा, बसून वाच.

फाटकावरच्या माणसानं अडवलं. मी छापखान्यातून नमुने आणलेत असं खोटं सांगितलं आणि सरळ आत शिरले. रविवारी माई पुढच्या दालनात खुर्चीवर बसलेली असते, केस विंचरलेले, अंगावर इस्त्रीची साडी. परवा ती मागच्या लांब खोलीत होती. दोन्ही मनगटं सुती पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधलेली. ओळीत आणखी पाच जणी तशाच. पट्टीखाली कातडी काळवंडली होती. हे काही एका दुपारचं काम नाही. रविवारी ती लांब बाह्यांचं पोलकं का घालते, ते मला तेव्हा कळलं. मला बघून ती रडली नाही. आज रविवार आहे का, एवढंच तिनं अडखळत विचारलं.

मी गाठी सोडायला लागले तशी तिथली मावशी धावत आली. चौतीस जणांना आम्ही दोघी, पडल्या तर जबाबदार कोण, असं म्हणून तीच रडायला लागली. मग म्हणाली, बाई, तुमच्या घरच्यांची लेखी परवानगी आहे, फायलीत आहे.

मी व्यवस्थापकांपुढे उभी राहिले आणि फाईल मागितली. त्यांनी खण बंद केला, किल्ली खिशात टाकली आणि मला चहा विचारला.

दादा, मी कसलीही परवानगी दिलेली नाही. आपण घरचे म्हणजे दोघंच. तेव्हा विचारते. उलट टपाली उत्तर दे. आज मायेचं काही लिहायला सुचत नाही.

चिमी

---

दि. १८ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

सही माझी आहे.

दोन वर्षांपूर्वी माई लागोपाठ दोनदा पडली. व्यवस्थापक म्हणाले, अधूनमधून बांधायची मुभा द्या, नाहीतर तिला घेऊन जा. अधूनमधून, हा शब्द मी धरून बसलो. तुला सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून तिला घरी आणलं असतंस, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणखी एक आहे, तेही आज लिहून टाकतो. त्याच सुमारास सिस्टरनं मला पत्र लिहिलं होतं. अधूनमधून नव्हे, रोज बांधतात, तुम्ही भाऊ आहात, येऊन बघा, असं होतं त्यात. मी आलो नाही. ते पत्र मी व्यवस्थापकांना पाठवून दिलं, खुलासा मागायला म्हणून. महिन्याभरात ती तिथून गेली. तेव्हा ती गप्प होती असं तू लिहिलंस. ती गप्प नव्हती. कपाटाची गोष्ट मी पडताळून पाहिली नाही. मला ती सोयीची वाटली.

वहिनीला काल सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. तूही बोलली नाहीस तर माझी तक्रार नाही.

दादा

---

दि. ३ मार्च

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

माई घरी आहे. आणताना व्यवस्थापकांनी तुझ्या संमतीचा कागद मागितला. मी म्हटलं, तो तुम्ही खणात जपून ठेवलेला आहेच, त्याच्यावरच भागवा. छापखान्याच्या मालकांनी मुद्रितं घरी नेऊ दिली आहेत, आणि मी दुपारी कामाला जाते तेव्हा खालच्या शिंपीणबाई येऊन बसतात. ओढाताण होते, पण चाललंय. बाकीच्या पाच जणी अजून तिथेच आहेत. तिथल्या मावशीकडून पत्ते मिळवून त्यांच्या घरच्यांना मी एकेक पत्र टाकलं. दोघांचं उत्तर आलं. एकानं विचारलं, तुम्ही कोणत्या उमेदवाराच्या?

मतदानाला माईला घेऊन गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं मलाच विचारलं की बाईंना कुणाला मत द्यायचंय. माईनं त्याला हातानं थांबवलं. कुणाला दिलं ते मलाही सांगत नाही. गुप्त असतं म्हणते आणि हसते.

सिस्टर पडली. दोन हजारही मतं मिळाली नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, तेव्हा मला वाटलं, आता काय हवंय हिला? तिनं माईची मनगटं पाहिली, मलम कसं लावायचं ते दाखवलं आणि त्या पाच जणींच्या घरचे पत्ते उतरवून घेतले. तपासणीचा अर्ज द्यायचाय म्हणाली. अर्ज मी दोनदा तपासून दिला. तिचं प्रत्येक वाक्य मी अजून दोनदा वाचते. सवय जात नाही. पण तुझं पत्र मी आता चारदा वाचते, हे तुला कळलेलं बरं.

तुझ्या सहीचं मी माईला सांगितलेलं नाही. काल मी तिच्या हातांना मलम लावत होते, तेव्हा ती सावकाश म्हणाली की दादाला यातलं काही कळलं असतं, तर त्यानं मला कधीच घरी आणलं असतं. मी मलमाचं झाकण लावलं.

रविवारच्या गाडीनं ये. तिला काय सांगायचं ते तूच सांग. वहिनींना नमस्कार.

चिमी