खुर्चीवरून उठताना

चौल, सोमवार संध्याकाळ

केमोचा पूर्ण डोस द्यायचा की कमी, हे अंगात किती ताकद आहे ते बघून ठरवू, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून आज अलिबागला तपासणी. नर्सने मला विचारलं, "आजी, स्वयंपाक करता? कपडे धुता? बाजारात जाता?" मी तोंड उघडायच्या आत माझी सून सुषमा म्हणाली, "छे! आम्ही आईंना वाडीत पडलेला नारळसुद्धा उचलू देत नाही." केवढ्या अभिमानाने! गुणाची आहे, कबूल. पण नर्स प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही' लिहीत गेली.

मग हात छातीशी धरून खुर्चीवरून उठायला सांगितलं. दोनदा उठले. तिसऱ्यांदा हात आपोआप खुर्चीच्या दांडीवर गेला. आजाराने गेला, की आमचे हे वारल्यापासून नुसतं बसून राहिल्याने? मला तरी कुठे ठाऊक? डॉक्टर म्हणाले, आधी कमीच देऊ, महिन्याने परत तपासू.

घरी आल्यावर सुषमाला सांगितलं, उद्यापासून सकाळचा चहा मी करणार. ती रडवेली झाली. "लोक म्हणतील, कॅन्सर झालेल्या सासूला कामाला लावलंय."

"लोक येणारेत का मला खुर्चीतून उठवायला?" एवढं ओरडायला नको होतं.

आत्ता पाणी प्यायला उठले. हात टेकूनच उठले, खोटं कशाला लिहू? स्वयंपाकघरात बघते तर वरच्या फळीवरचा चहाचा डबा सुषमाने खाली ओट्यावर आणून ठेवलाय, माझा हात पोचेल असा.