कोरी नळी

सोमवार, ४ मार्च
आज इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. बासष्टाव्या वर्षी नवी नोकरी म्हणजे म्हातारीला फुटलेली अक्कलदाढच. पण धाकटी बहीण म्हणाली, जा गं आक्का, घरात बसून माझ्या गोळ्यांवर पहारा करण्यापेक्षा बरं. काम सोपं आहे: रक्ताच्या नळ्या घ्यायच्या, चिठ्ठ्या डकवायच्या, रिपोर्ट छापायचे. जंतूंमधला 'ज' मला कुणी शिकवला नव्हता. तो यंत्र चालवणाऱ्या चष्मेवालीने चहा पिता पिता शिकवला. आजारी माणसाच्या रक्तात म्हणे जंतूंच्या डीएनएचे तुकडे तरंगत असतात, शिंप्याच्या दुकानात चिंध्या पडाव्यात तसे. यंत्र चिंधीवरून ठाण ओळखतं. औषध लागू पडलं की चिंध्या कमी होत जातात. हे तर शिवणकामच निघालं. जमेल मला.

गुरुवार, ७ मार्च
यंत्राच्या दर फेरीत एक नळी रक्ताऐवजी शुद्ध पाण्याची लावतात. तिला कोरी म्हणायचं. कोरीत जे सापडेल ते आपल्याच हाताभांड्यांचं, म्हणून त्या जंतूचं नावच, आकडा कितीही असो, सगळ्यांच्या रिपोर्टांतून वजा. चष्मेवाली म्हणाली, मावशी, तूप तोलताना भांड्याचं वजन काढतो ना, तसंच. सीलबंद पाणी संपलंय, म्हणून हल्ली कोरी इमारतीच्या गाळणयंत्राच्या पाण्याने भरतात. ते यंत्र मोठ्या डॉक्टरांनी हौसेने बसवलं. आल्यागेल्याला आधी पाणी दाखवतात, मग खुर्ची.

मंगळवार, १२ मार्च
धाकटीचा दमा उसळला. इथेच वरच्या मजल्यावर ठेवलंय. ऑक्सिजन पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत तिच्या नाकात जातो. म्हणते, आक्का, ह्या वयात मला हुक्का लागला बघ.

कोरीत रोज एकच लांबलचक नावाचा जंतू दिसतो. मी त्याला जावईबापू म्हणते. बोलावलं नाही तरी हजर. चष्मेवाली पोट धरून हसली. गेल्या आठवड्यात त्याचे चाळीस तुकडे होते, आज दोनशे.

शुक्रवार, १५ मार्च
धाकटीला ताप भरलाय, जंतूंवरचं औषध सुरू केलंय. तिचं रक्त मीच खाली आणलं. जावईबापूंचे एकशे नव्वद तुकडे निघाले. कोरीत दोनशे दहा. वजा जाता रिपोर्ट: काही आढळले नाही. माझ्याच हाताने छापला. हिच्या रक्तात खरोखरीच असेल तर, असं विचारलं. चष्मेवाली म्हणाली, नियम आहे मावशी, आणि तिने मान खाली घातली.

धाकटीच्या शेजारच्या खाटेवरचा गवंडी सकाळी गेला. त्याचाही रिपोर्ट स्वच्छ होता.

सोमवार, १८ मार्च
वर गेले तर नर्स धाकटीची बाटली भरत होती. कॅन गाळणयंत्राचाच. तेच पाणी हिच्या छातीत, तेच आमच्या कोरीत. मग वजा केल्यावर उरणार काय, डोंबल? अठरा खाटांवर माणसं ते पाणी छातीत ओढताहेत आणि आम्ही त्यांना स्वच्छ असल्याचा कागद देतोय.

तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, कोरीत आहे म्हणजे कचरा, तुम्ही चिठ्ठ्या डकवा, मावशी. वय झालं की माणसं जातातच. गवंडी एकेचाळीस वर्षांचा होता, मी म्हटलं. ते हसले. त्या हसण्यावर पोतेरं फिरवावं असं वाटलं.

बुधवार, २० मार्च
औषधाच्या दुकानातून सीलबंद पाणी आणलं. चष्मेवालीने घाबरत घाबरत कोरी त्याने भरली. कोरी कोरीच निघाली. बाकी अठराच्या अठरा नळ्यांत जावईबापू. धाकटीच्या रक्तात नऊ हजार.

डॉक्टरांनी तो कागद माझ्यासमोर फाडला. चष्मेवालीला घरी पाठवलं. मग पुढ्यात उभं राहून माझ्याकडूनच गाळणयंत्राच्या पाण्याने कोरी भरून घेतली. संतापाने नळी मुठीत आवळली. काच फुटली, बोटात घुसली, वर ते पाणी.

यंत्र डॉक्टरांनी स्वतः चालवलं. सगळे रिपोर्ट पुन्हा स्वच्छ. संध्याकाळी धाकटीचं जंतूंवरचं औषध बंद केलं. कशाला हवंय म्हणे.

गुरुवार, २१ मार्च
बोट वांग्यासारखं सुजलंय. अंग फणफणलंय. माझंही रक्त लावलं.
काही आढळले नाही.
अस्सं. मलासुद्धा वजा केलंत मेल्यांनो —

२२
खाटेखाटेशी गेले. बाटल्या काढा म्हटलं. लोक कागद दाखवतात. आजी, स्वच्छ आहे की — माझ्याच हातचे छापलेले —

दुपार
धाकटीचे ओठ निळे. नुसती बघते. आईविना वाढवलं हिला मी —

नर्स पुन्हा आलीय, कॅन घेऊन. नको म्हणतेय मी. ती म्हणते, आजी, तुम्हाला ताप आहे, बसा बघू.
झाकण फिरवतेय.
बसा म्हणे. तरी उठते. तिचा हात धरून ती बाटली मी