गाजराच्या वाफ्याची निरवानिरव

मी, लक्ष्मीकांत गोविंद टाकळकर, वय एकोणपन्नास, राहणार लालबागेच्या मागे, इंदूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दबावाखाली न येता हे लिहून ठेवतो. गुरुवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. पत्नी सौ. सुलोचना म्हणते, "अहो, संध्याकाळी चहा मागाल तुम्ही! आणि पितृपक्षात कोणी मृत्युपत्र लिहितं का?" माझ्या मते याहून योग्य पंधरवडा वर्षात दुसरा नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक सुलोचनेला. शिल्लक किती हे तिला माझ्याआधी कळते, म्हणून आकडा लिहीत नाही.

२. मागच्या अंगणातला भाजीचा वाफा चिरंजीव नचिकेत याला, पण अटीवर. घटस्थापनेला आत देवीपुढे धान्य पेरले की त्याच सकाळी बाहेर गाजर, मेथी, पालक पेरायचा, हा माझा नेम आहे. यंदा वाफा अर्धाच खणून झाला आणि डॉक्टरांनी कुदळ बंद केली. तेवढ्यात नचिकेतने फरशीवाल्याला बोलावून मापे घेतली. त्याला तिथे गाडी उभी करायची आहे. म्हणाला, "बाबा, पालक तर ॲपवरून दस मिनट में घरी येतो. गाडी बिचारी धूप में उभी आहे." अट अशी की वाफ्यावर फरशी बसल्यास मी दर पितृपक्षात कावळा होऊन त्याच गाडीच्या टपावर बसेन. कावळा टपावर काय करतो, ते गाडीवाल्यांना ठाऊक असते.

३. कुदळ, फावडे, खुरपे, चाळणी वाफ्याबरोबरच जावीत. माझे शिक्षण देपालपूरजवळच्या खेड्यातले. शेतीच्या तासाला आम्ही मास्तरांच्या परसात ढेकळे फोडत असू. बाकीचे विषय विसरलो, ढेकूळ कुठे मारले की फुटते ते लक्षात आहे. आपली काळी माती हट्टी. वाळू आणि जुने शेणखत घालून तिची समजूत काढावी लागते. माती चाळताना माझा जपही चांगला होतो. देवघरात माळ घेतली की डुलकी लागते.

४. शेजारी श्री. दिनानाथ पुरंदरे आणि सौ. अमिता यांना काहीही नाही. अमितावहिनी दर वर्षी घटासाठी "थोडीशी" चाळलेली माती मागतात. देवीच्या नावाने मागितल्यावर मला नाही म्हणता येत नाही. गेल्या वर्षी त्या सिमेंटचे रिकामे पोते घेऊन आल्या. घटात मूठभर गेली, उरलेल्या मातीत त्यांचा मनीप्लांट गच्चीपर्यंत चढला. माझ्या वाफ्यात खड्डा पडून पाणी साचले आणि मेथी कुजली. ज्याला काही मिळायचे त्याला साक्षीदार करू नये, असे वकील म्हणाले. म्हणून दोघांनाही साक्षीदार केले आहे.

५. हे कलम ऐन सहीच्या वेळी जोडत आहे. वरचे सगळे मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. कावळ्यापाशी नचिकेत उठला. "अरे यार बाबा, कुदळ कुठे आहे ते सांगा," म्हणाला आणि मागे गेला. आता ढेकळे फुटल्याचा आवाज येतो आहे. मला भरून आले, ते लपवायला मी चष्मा पुसत होतो. तेवढ्यात दिनानाथ खिडकीतून वाकून म्हणाले, "भिया, पोरगा गाजराच्या जागी ताजं शेण टाकतोय! गाजरांना टांगें फुटतील!"

पाहिले. खरे आहे.

सबब, नचिकेतला जुन्या खताचा आणि ताज्या शेणाचा फरक कळेपर्यंत हे मृत्युपत्र अमलात आणू नये, अशी देवीच्या पायाशी विनंती. त्याला समजायला वेळ लागतो, याची तिने नोंद घ्यावी.

आमच्यासमोर, खिडकी उघडी असताना सही केली.

लक्ष्मीकांत गोविंद टाकळकर
इंदूर, भाद्रपद वद्य दशमी, १६ सप्टेंबर २०२५

साक्षीदार:
१. दिनानाथ पुरंदरे
२. सौ. अमिता पुरंदरे (सही करताना विचारले: "भाऊजी, मग सोमवारी घटासाठी माती न्यायला येऊ ना?" नचिकेत बाहेरूनच ओरडला, "काकू, फक्त वाटी आणा!")