अक्कासाठी रणगाडा

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला तो अक्षरशः घ्यावा. कंबर धरल्यामुळे मी पलंगावर पालथा पडून लिहितो आहे, तेव्हा टेकायची ती सगळी अंगं टेकलेली आहेत. अक्षर वाकडं आलं असेल तर त्याचं कारण तेवढंच. डोळे उत्तम आहेत.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघ्याची सूज उतरली का? डॉक्टरांनी दिलेलं तेल तू लावतेस, की कपाटात उभं करून नुसतं त्याच्याकडे बघतेस? इकडे सगळं क्षेम आहे. हिची सर्दी गेली आणि माझी कंबर आली, म्हणजे घरात एक तरी आजारी असावं हा नेम काही मोडलेला नाही.

तुझं पत्र पोचलं. भावजी गेल्यापासून तू त्या दोन खोल्यांत एकटी राहतेस, आणि आम्ही 'आता इकडेच ये, पुढची खोली तुझीच आहे' असं कळवलं की दर वेळी तू गुडघा पुढे करतेस. या खेपेला तर तू सरळ विचारलंस, की तुमचं घर टेकाडावर, वाट चिकणमातीची, माझा पाय हा असा, तर मला काय उचलून नेणार आहेस? तुला वाटलं असेल की आता हा गप्प बसेल. पण अक्का, ज्याने उभी नोकरी लिफ्ट तपासण्यात घालवली त्याला 'उचलून नेणार का' असं विचारायचं नसतं. (ही म्हणते, तपासल्या शेकडो, बांधली एकही नाही. पण परीक्षकाला पेपर सोडवता येत नाही असं कुणी सिद्ध केलंय का?) तर उत्तर असं, की हो, नेणार आहे. जवळजवळ सगळी तयारी झाली आहे, आणि ती कशी झाली ते सांगण्यासाठीच हे पत्र.

खाली रस्त्यालगत आमची शेड आहे, तिच्यात आधीच्या मालकाने सोडून दिलेला एक बागेतला ट्रॅक्टर पडून होता. मोठा नव्हे, वासराएवढा. गवत कापायला आणि फार तर चार कुंड्या ओढायला असतो तसला. इंजिन चालू होतं, पण ओल्या मातीत चाकं जागच्या जागी फिरत आणि दर फेरीला थोडी आणखी खाली जात. माणसाने खचून जावं अशी ती परिस्थिती होती, पण मी खचलो नाही, ट्रॅक्टर खचला. मग मी विचार केला, की चिखलात काय चालतं? बुलडोझर चालतो. का चालतो? कारण त्याला पट्टे असतात. मग याला का नसावेत? इतका साधा विचार आजवर कुणाला कसा सुचला नाही याचं मला त्या दिवशी नवल वाटलं. (आता वाटत नाही.)

गावाबाहेर खडी फोडायचा एक कारखाना बंद पडलाय, तिथून खडी वाहून नेणारा जाड रबरी पट्टा मिळाला. आमच्या वेल्डरला बोलावलं. हा वेल्डर कशालाच नाही म्हणत नाही. सुरुवातीला तो मला त्याचा मोठा गुण वाटला होता. काहीही विचारा, तो 'होऊन जाईल' म्हणतो, आणि ते खरोखर होऊन जातं, फक्त काय होईल हे आधी सांगता येत नाही. मापं तो वितीने घेतो. डावा पट्टा त्याने सकाळी मापला आणि उजवा जेवण झाल्यावर, आणि जेवल्यावर माणसाची वीत मोठी होते की काय देव जाणे, पण उजवा पट्टा आखूड आला. तो ताणून ताणून बसवला. पुढची दोन चाकं काढून तिथे ढकलगाडीची चाकं लावली, पट्टे चढवले आणि मी गाडी चालू केली. आत चाकं गरागरा फिरत होती आणि बाहेर पट्टा ढिम्म. आमच्या खात्यात वर्षानुवर्षं हेच चालायचं, म्हणून मी निराश झालो नाही.

मग चाकांना दाते बसवले आणि पट्ट्यांवर लोखंडी पट्ट्या आडव्या मारल्या. आता पकड अशी आली की काही विचारू नकोस. हिचा कांद्याचा वाफा वाटेत होता, तो वाटेत राहिला नाही. (मी हिला म्हटलं, नांगरट किती सुरेख झाली बघ. ही म्हणाली, कांदे नांगरायचे नसतात, काढायचे असतात. यावर मी वाद घातला नाही, कारण जेवण हीच वाढते.) त्या दिवसापासून ही माझ्या वाहनाला रणगाडा म्हणते. मी मात्र हट्टाने 'गाडी' म्हणतो. लोखंड काढून त्या जागी लाकडाच्या फळ्या ठोकल्या, तेव्हापासून गाडी माती उकरत नाही, नुसती दाबत जाते. हा माझा स्वतःचा शोध आहे, वेल्डरचा त्यात हात नाही.

आता वळण्याविषयी थोडं सांगतो, म्हणजे तू घाबरणार नाहीस. पट्ट्याच्या गाडीला स्टिअरिंग नसतं. डावीकडे जायचं तर डावा पट्टा ब्रेकने थांबवायचा, उजवीकडे जायचं तर उजवा. आमच्याकडे डावा ब्रेक गंजून बसलाय आणि त्याचा सुटा भाग आता मिळत नाही. त्यात उजवा पट्टा आखूड, म्हणून तो स्वतःहूनच मागे ओढतो. थोडक्यात, गाडी उजवीकडे उत्तम वळते. डावीकडे जायचं असेल तर उजवीकडे वळत राहायचं, कधीतरी डावी बाजू समोर येतेच. सरळ चढायचं ठरवून मी निघतो आणि टेकाडाला वळसा घालून भलत्याच ठिकाणी निघतो, हा एक किरकोळ दोष सोडला तर चालवायला गाडी लोण्यासारखी आहे.

पण कुठलीही लिफ्ट वजनाची चाचणी झाल्याशिवाय मी कधी पास केली नाही, मग सख्ख्या बहिणीच्या वाहनाला कशी करीन? ड्रायव्हरच्या मागे लोखंडी चौकट जोडून तिच्यावर आपली हातांची खुर्ची बोल्टने बसवली. (हो, भावजींची आवडती. तू ती आमच्याकडे पाठवलीस तेव्हाच मला वाटलं होतं, की खुर्ची आली म्हणजे मागोमाग अक्का येणार.) प्रश्न एवढाच होता, की तुझ्या जागी बसवायचं कुणाला? ही म्हणाली, मला बसवायचा विचारही करू नका. पायथ्याला आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई राहतात. त्यांची कंबर दुखते, काठी घेऊन चालतात, आणि बांध्याने साधारण तुझ्यासारख्या. मी जाऊन तसं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, की तुमच्या अक्का म्हणजे नक्की कशा आहेत? शाळेत फळ्यापाशी उभं केल्यावर व्हायचं तसं मला झालं. मग सुचलं, 'भारदस्त'. हा शब्द त्यांना पटला आणि त्या मांडीवर पिशवी घेऊन खुर्चीत बसल्या.

पहिला चढ सुरेख चढलो. नंतर मागचं वजन जास्त झालं म्हणून गाडीने तोंड उचललं. अगदी सावकाश उचललं हो, उगाच झटका वगैरे नाही. बाई आभाळाकडे तोंड करून बसल्या होत्या, पण पिशवी मांडीवरून हलू दिली नाही. वरूनच त्यांनी वेल्डरला सांगितलं, की नीट ताठ उभा राहा आणि तोंड मिट. मी उडी मारून पुढे धावलो आणि पुढच्या दांडीला लोंबकळलो. लिफ्टच्या भाषेत याला समतोल वजन म्हणतात. माणूस एका बाजूला, तेवढंच लोखंड दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोर शांत राहतो. वेल्डर दगड आणून पुढे रचेपर्यंत ते लोखंड मी होतो, आणि कंबर धरली ती तेव्हा. बाई सुखरूप उतरल्या. तेव्हापासून रोज सकाळी कुंपणावरून हिला विचारतात, की पुढची चाचणी कधी. काय बिघडलं ते मला कळलेलं आहे आणि उपायही माहीत आहे, तेव्हा तू निश्चिंत मनाने सामान बांधायला घे.

हिचा तुला नमस्कार. डॉक्टरांचं ऐकत जा, आणि खिडकीत बसून उगाच रस्ता बघत राहू नकोस. थोरलीच्या पायांवर डोकं ठेवायला कंबर वाकत नाही, म्हणून पालथ्या अवस्थेतूनच,

तुझा धाकटा

ता. क. आता मुद्द्याचं. तुझं वजन कळव. गाडीच्या तोंडाशी एक पेटी जोडणार आहे, तिच्यात दगड भरायचे आहेत ते तुझ्याएवढेच हवेत. कमी पडले तर तू आभाळ बघशील, जास्त झाले तर गाडी नाक खुपसून बसेल. लिफ्टमध्ये आम्ही माणशी अडुसष्ट किलो धरायचो, पण ते सरासरी माणसाचं झालं आणि तू सरासरी कधीच नव्हतीस. एवढं एक विचारायला मला इतकी पानं लागली यावरून तुझा धाक अजून किती आहे ते समज.

आणखी ता. क. खरं वजन कळव. वय सांगताना तू जी सूट घेतेस ती इथे चालणार नाही. बंद पाकिटात पाठव, हिच्या हाती लागू देणार नाही.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला हे माझ्याकडेच देतात, हे यांच्या लक्षात राहत नाही. वजन मुळीच कळवू नका. यांनी गाडीवर लावायला 'एक व्यक्ती' अशी पाटी रंगवून ठेवली आहे आणि पुढे किलोसाठी जागा सोडली आहे. रणगाडा सध्या बाईंच्या कुंपणात आडवा पडला आहे आणि वेल्डरसुद्धा आता 'होऊन जाईल' म्हणत नाही. पण यांनी एक गोष्ट लिहिली नाही. दर चाचणीला गाडी उजवीकडे वळत वळत, टेकाडाला वळसा घालून आमच्या मागच्या दाराशी यायची. इतक्या वेळा आली की तिथे चांगली रुंद, घट्ट दाबलेली वाट पडली आहे. लांबून आहे, पण चढ जाणवतसुद्धा नाही. मी वर खडी पसरून घेतली. परवा बाई काठी टेकत त्या वाटेने चहाला आल्या आणि दम न लागता तासभर बोलल्या. तुम्ही सावकाश चालत याल. आल्यावर त्या खुर्चीत मात्र एकदा बसा, गाडी बंद असताना, म्हणजे यांना बरं वाटेल.

अक्का, हिचा मजकूर मी वाचला. वाट पडली आहे हे खरं. तोही माझ्या प्रयोगाचा भाग होता असं लिहायला घेतलं होतं, पण खोडतो. ती वाट मला बरेच दिवस दिसते आहे, आणि ती बघून आनंद व्हायच्या आधी मला भीती वाटली. टेकाड आडवं होतं तोवर तू टेकाडामुळे येत नाहीस असं मी धरून चाललो होतो. आता वाट आहे, खोली झाडून ठेवली आहे, आणि मला तुझी फार आठवण येते. असशील तेवढ्या वजनाची ये. आणि मनातून यायचंच नसेल, तर कारण गुडघ्याचंच कळव. दुसरं कुठलं कळवू नकोस.