कार्डाची फी आणि शर्टाचं बटण

मंगळवार, सोळा तारीख

दादा,

साष्टांग नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिला. घातलेला नाही, उगाच खूश होऊ नकोस.

इकडे सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे आई आणि मी. आईचं शिवणाचं मशीन चालू आहे, आत्ताही मागे खडखडतंय. माझं कुलुपांच्या दुकानातलं कामही चालू आहे. कुलुपवाले काका अजून मला "पोरी, हात चालव, तोंड नको" असंच म्हणतात. परवा त्यांचा चष्मा मी किल्ल्यांच्या हुकावर टांगला आणि खाली चिठ्ठी लावली, "दुरुस्तीला आलेला, गिऱ्हाईक संध्याकाळी येईल." ते दुपारभर गिऱ्हाइकाची वाट बघत बसले. शेवटी काच नीट बसलीय का बघायला चष्मा स्वतः घालून पाहिला, तेव्हा कळलं की तो त्यांचाच आहे.

तू कसा आहेस ते विचारत नाही. फोटो बघितले.

कालपासून तुझे फोनवर फोन येतायत. मी उचलत नाहीये. महिन्यातून एकदा, तेही गाडी चालवताना फोन करणारा माणूस एका दुपारीत इतका मायाळू झाला, तर म्हटलं होऊ दे अजून थोडा. मेसेजही करणार नाही. तुला मेसेज केला की तू अंगठा पाठवतोस. कागदाला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून कागद. कुरिअरवाल्याला जास्तीचे पैसे दिलेत, परवा पोचेल.

तर हो, कार्डावरून मोठी रक्कम गेलीय. माझ्याच हातून गेली. कशावर ते सांगते, पण माझ्या क्रमाने. तोवर चोरी झाली म्हणून कार्डवाल्यांना फोन करू नकोस. केलास तर आधी त्यांना सांग की चोर तुझ्याच आईच्या पोटचा आहे.

आधी तुझा मेसेज घेऊ. "कार्डाची वर्षाची फी आली, या वेळी वाढवलीय. ठेवू का बंद करू? तुम्हा दोघींचा वापर हल्ली कमी दिसतो. विचार करून सांग." आणि सोबत तक्ता. एका बाजूला फी, एका बाजूला फायदे. दहावीला दोनदा बसलेल्या बहिणीला तक्ता पाठवून मत विचारलंस, माझा ऊर भरून आला. तीन वेळा वाचला मी तो.

तुझ्या तक्त्यात लिहिलंय, विमानतळावर बसायला वेगळी खोली, गुबगुबीत खुर्च्या, कॉफी फुकट. बरं. पण विमानतळावर जायचं ते कुठून तरी कुठेतरी पोचायला ना? तू आमच्याकडे आलास त्याला चार वर्षं झाली. तू बाकी सगळीकडे बसून आलास. पुढे लिहिलंय, सामान पट्ट्यावर सगळ्यांच्या आधी येतं. सामान येतं रे, माणूस कुठाय? विम्याचं मला कळलं नाही. विमान चुकलं तर पैसे मिळतात म्हणे. आणि जो माणूस विमानात चढतच नाही, त्याच्या घरच्यांना काय मिळतं, ते विचार एकदा त्या लोकांना.

आणि त्या तक्त्यात आई कुठल्या बाजूला आहे? मी शोधली. नाहीये.

म्हणून आता तुला आईचा तक्ता सांगते. तुला यातलं निम्मं माहीत नाही, आणि जे माहीत आहे ते तू विसरलास.

दोन वर्षांपूर्वी तू तुझ्या कार्डाला जोडून आमच्यासाठी एक कार्ड पाठवलंस. वर माझं नाव, खाली तुझ्या खात्याचा नंबर. फोनवर तू मला दोनदा बजावलंस की हे उधारीचं कार्ड नाही, महिनाअखेर सगळी रक्कम एकरकमी भरावी लागते, हप्ते-बिप्ते नाहीत, तेव्हा वेडेपणा करू नकोस. आणि आईला काय म्हणालास? "आई, तू खर्च करत जा. खर्चावर पॉइंट मिळतात, ते साठले की विमानाचं तिकीट फुकट. फुकटात येतो तुला भेटायला."

तू सहज बोललास. मला तेव्हाच कळलं की हे सहज आहे. पण आई कुठली सहज ऐकतेय.

आमचा खर्च तो किती? दूध, धागा, विजेचं बिल. त्यात तू निवृत्त होईपर्यंत आला नसतास. मग आईने डोकं लढवलं. शेजारच्या रंगाऱ्याला म्हणाली, तुझे रंगाचे डबे माझ्या कार्डावर घे, मला रोख दे. त्याला काय, दिलं. मग गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचे टायर. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या मुलीच्या शाळेची फी. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची ती मागे रेलणारी खुर्चीसुद्धा आईने घेतलीय, दादा. डॉक्टर आणि आई दोघं दुकानात गेले. दुकानदाराला वाटलं नवराबायको आहेत. आई म्हणाली, "नाही हो, मी फक्त पैसे भरायला आलेय." दुकानदार डॉक्टरांकडे असा बघत राहिला की डॉक्टर अजून त्या गल्लीतून जात नाहीत.

आख्ख्या गल्लीला माहीत आहे. कुणाला काही मोठं घ्यायचं असलं की आईला निरोप येतो. आई साडीचा पदर खोचून, पिशवीत कार्ड घालून निघते. लोकांकडून आलेली रोख मी दर शनिवारी तुझ्या खात्यात भरते. तू विचारलंस का कधी, या दोघी बायकांच्या घरी एवढे टायर कशाला लागतात? तू म्हणालास, "वा, मस्त वापर होतोय."

हार्डवेअरवाला कार्ड लावलं की शेकड्यामागे दोन जास्त घेतो. ते वरचे दोन रंगारी देईना. बरोबर आहे, त्याने का द्यावेत? ते आई देते. उशांच्या खोळी शिवून. हे तुझ्या तक्त्यात फीच्या बाजूला घाल.

आता माझा वाटा. मी मशीनमागच्या भिंतीवर माझ्या शाळेचा जुना नकाशा लावला. म्हटलं, आई, पॉइंट म्हणजे रस्ता. जेवढे पॉइंट झाले तेवढा दादा इकडे सरकला. थट्टाच केली मी. आईने लगेच बटणांचा डबा काढला आणि त्यातलं एक निळं बटण टाचणीने तुझ्या शहरावर टोचलं. तुझ्या निळ्या शर्टाचं आहे ते, ज्याची कॉलर मी शाईने रंगवली होती आणि तू मला जिन्यावरून खाली ओढत नेलं होतंस. आई म्हणाली, "कळतं मला, तू माझी गंमत करतेस. पण असू दे."

तेव्हापासून दर महिन्याला मी तुझ्या खात्यात डोकावून पॉइंट बघायचे आणि आई बटण सरकवायची. डोंगर ओलांडलास त्या दिवशी नर्सबाईंना चहा दिला आईने. नदीपाशी तू अडकलास, तीन महिने हललाच नाहीस, कारण रंगाऱ्याला काम नव्हतं. आई त्याच्यावर चिडायची. म्हणायची, "याच्यामुळे माझा पोरगा नदीत उभा आहे."

गेल्या महिन्यात दोन बोटं राहिली होती. आईने तुझ्या खोलीला जाड पडदे शिवायला घेतले, उजेडात तुला झोप येत नाही म्हणून.

आणि मी खात्यात डोकावले. सगळे गेलेले. धुऊन पुसून साफ.

मग ते फोटो. तू आणि वहिनी, समुद्राकडे निघालेले, विमानातल्या त्या रुंद खुर्च्या, पाय लांब, अंगावर दुलई, हातात ग्लास. खाली तुझी ओळ, "पॉइंट सार्थकी लागले."

वहिनीला मी काही म्हणत नाही. तिला काय माहीत ते पॉइंट कुणाच्या टायरचे आहेत. तुला माहीत होतं. थोडं तरी माहीत होतं. नव्हतं माहीत असं म्हणू नकोस, नाहीतर मी तिथे येऊन तुझ्या दाराच्या कुलपात डिंक ओतीन, आणि तो निघत नाही, मला धंद्यातून माहीत आहे.

मी आईला सांगितलं नाही. उलट म्हटलं, "सरकव आई, आता एकच बोट राहिलं." तिने सरकवलं. मी आयुष्यात खूप जणांना बनवलंय, पण कुणाला बनवून मला कधी स्वतःचीच लाज वाटली नव्हती.

त्यात तुझा तक्ता आला. वापर कमी दिसतो, फी परवडते का, मत कळव.

मी तुला लिहिणार होते की कर बंद. चूल पेटव त्याच्यावर. कात्रीसुद्धा हातात घेतली होती, आईची कापडाची, तिला कागदाला लावली तरी चालत नाही, प्लॅस्टिक तर दूरच.

पण काल सकाळी दुकानात निघाले आणि भिंतीकडे लक्ष गेलं. बटण आपल्या घरापाशी नव्हतं. तुझ्या शहरावर होतं. पार टोकाला, पहिल्या दिवशी होतं तिथे, त्याच जुन्या भोकात टाचणी.

आई मशीनवर होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बंद कर ते तोंड, माशी जाईल."

मी विचारलं, तुला कधी कळलं?

तिला माझ्याआधीच कळलं होतं. फोटोतल्या त्या खुर्च्या बघून ती तिकीटवाल्या बाईंकडे गेली होती, अशा खुर्चीला किती पडतात ते विचारायला. तिला वाटलं तू कर्ज काढलंस की काय. बाई म्हणाल्या, एवढे पैसे कोण देतं, पॉइंटवर घेतली असणार. आई थँक्यू म्हणाली आणि घरी येऊन पडद्यांना कडा घालायला बसली. मी एक बोट राहिलं म्हटलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तिने माझ्यासाठी बटण सरकवलं, दादा. मला वाईट वाटू नये म्हणून.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू खोटं बोलताना छताकडे बघतेस. लहानपणापासून. म्हटलं, बघू दे थोडे दिवस छताकडे."

मग दोरा दाताने तोडून म्हणाली, "त्याला काही लिहू नकोस. दमत असेल तो तिकडे. बरं झालं, जरा पाय लांब करायला मिळाले." आणि लगेच, जणू भाजीचं सांगतेय, "नर्सबाईंना विचार गं, फ्रीज घ्यायचा म्हणत होत्या ना. म्हणावं आत्ताच घ्या."

ती परत पहिल्यापासून सुरू करणार आहे. दोन वर्षं. रंगारी, टायर, नदी, सगळं परत.

मी ओरडले असते, पण कुणावर ओरडू? तिच्यावर? ती तर तुझ्याच बाजूने बोलत होती. मग मी कात्री जागेवर ठेवली, कार्ड घेतलं आणि तिकीटवाल्या बाईंकडे गेले.

तर ती रक्कम म्हणजे तुझं तिकीट आहे. येणाऱ्या महिन्याची चार तारीख, शनिवार. पूर्ण भाड्याचं, परत होत नाही, बदलून मिळत नाही, ते मी मुद्दाम विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, अगं, बदलता येणारं पण आहे. मी म्हटलं, तेच नकोय. जागा शेवटच्या रांगेत, दोघांच्या मध्ये, मागे संडास. खुर्ची मागे जात नाही. जेवण बिनमिठाचं सांगितलंय. जायचं-यायचं दोन्ही आहे, मी दरोडेखोर नाही. पण मध्ये आठ दिवस आहेत.

आणि महिनाअखेर सगळी रक्कम एकरकमी भरायची, हप्ते नाहीत. तूच शिकवलंस. या तिकिटाचे पॉइंट तुलाच मिळणार आहेत, अभिनंदन.

आईला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तू आला नाहीस तर तिला काही कळणारच नाही. मला कळेल.

आता फीचं. तू मत विचारलंस, मी विचार करून सांगते. चार तारखेला तू दारात उभा राहिलास, तर पुढच्या दहा वर्षांची फी वसूल. नाही राहिलास, तर ते कार्ड तुला फुकट देत असतील तरी महाग आहे.

मी बटणाला हात लावलेला नाही. आता मी थट्टेतसुद्धा ते सरकवणार नाही आणि आईलाही सरकवू देणार नाही, नर्सबाईंना मी आधीच सांगून आलेय की फ्रीज पुढच्या महिन्यात घ्या. ते टोकाला आहे तिथेच राहील. तू ये आणि तुझ्या हाताने काढ. तो निळा शर्ट अजून कपाटात आहे, कॉलर शाईचीच आहे, एक बटण कमी आहे. आई लावून देईल.

यायला उशीर झाला आणि आई झोपली असली, तर बेल वाजवून तिला दचकवू नकोस. मला खिडकीखालून हाक मार, मी कार्ड खाली टाकीन. माझं कार्ड मी कापलेलं नाही. फटीतून घातलं की आपल्या दाराची कडी त्याने एका झटक्यात निघते. आजवर त्या कार्डाचा मला झालेला तेवढाच फायदा, तुझ्या तक्त्यात लिहून ठेव.

अजूनही रागात,
तुझी धाकटी,
भुंगा