शैलाचा संकल्प आणि माझे पाय

३० नोव्हें.
डॉ.नी आज शै.ला परत झापलं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले, टाके केव्हाच भरले, आणि बाईसाहेबांची धाव देवघरापासून गॅसपर्यंत. चालली नाही तर गुडघा आखडणार.
संध्याकाळी पुण्याहून माधवीचा फोन. लेक कमी, फौजदार जास्त. "संक्रांतीला येते. आई नीट चालत नसेल तर दोघांना घेऊनच जाणार, बाबा. दुसरा मजला, लिफ्ट नाही, कसं राहायचं तुम्ही?"
सोलापूर सोडून पुण्यात. सकाळी उठून मी भांडू कुणाशी तिथं?
शै. शेजारीच बसून डाळ निवडत होती.

१ डिसें.
भारीतले बूट आणले. शै.ला हुतात्मा बागेत नेलं. एक फेरी कशीबशी, मग बाकावर ठाण.
"नुसतं गोल गोल फिरायचं? लोकांना कामधंदे नाहीत का की."
या बाईला चालायला कारण लागतं. भाजी नाहीतर देव. भाजी मी आणतो (आणि बोलणी खातो). राहिला देव.

२ डिसें.
सुचलं! अडुसष्ट लिंगं. सिद्धेश्वर महाराजांनी गावभर स्थापलेली. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या त्यांच्या भेटीला निघतात, लोक मागून चालतात. आपण आत्तापासूनच थोडी थोडी करू. रोज दोन-तीन लिंगं, मध्ये एखादी बाग, बाकावर विसावा. मी स्वतः देव रस्त्यात भेटला तर हात जोडणारा माणूस, पण गरज पडली की सगळं जमतं.
शै.ला सांगितलं. एकदम उठून उभी राहिली, टेकायची काठी न घेता.

४ डिसें.
सुरुवात तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या देवळापासून. तिथं बाईंनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या, पाणी सोडलं. बाहेर येऊन बूट माझ्या हातात.
"संकल्प केलाय. काठ्या निघायच्या आत सगळी लिंगं. अनवाणी."
मी चालायला सांगितलं होतं, संकल्प कोणी सांगितला होता? काय मागितलं विचारलं. "सांगितलं की फळत नाही."
पिशवीत भारीतले बूट घेऊन गावभर तिच्या मागे.

९ डिसें.
चालतेय, पण! किल्ल्याच्या बागेत शेंगाचटणी-भाकरी खाल्ली. महापालिकेच्या जुन्या इंद्रभुवनासमोर मान वर करून किती वेळ उभी. "हितनं जन्मभर रिक्षानं गेले, वर कधी बघितलंच न्हाई."
एक लिंग सायकल दुकानाच्या मागे. दुकानाचे चाचा म्हणाले, "आव भाभी, सायकलां हटातूं." हटवल्या, वर पाणीही दिलं. शै. तिथं मैत्रीण असल्यासारखी चाचींशी गप्पा मारत बसली.
बऱ्याच महिन्यांनी तिला हसताना बघितलं. ही बाई मला फार आवडते, हे इथं लिहायला हरकत नाही.

१५ डिसें.
गुडघा सुजला. उन्हातान्हात सिमेंटच्या रस्त्यावर अनवाणी, दुसरं काय होणार. डॉ. म्हणाले आठवडाभर विश्रांती, मग चाला, पण बूट घालूनच. बाहेर आल्यावर तिला म्हटलं, झालं, राहू दे आता.
"बेडा." म्हणजे नको; रागावली की माहेरचं अक्कलकोटचं कानडी येतं. "संकल्प अर्ध्यात सोडत न्हाईत."
मी चिडलो. ती रडली. रात्री दोघंही नीट जेवलो नाही. चूक माझी. बागेत न्यायच्या नादात देवाच्या हाती दिली.

१६ डिसें.
एकटाच देवळात गेलो. म्हाताऱ्या पुजाऱ्यांना गाठलं. बायकोचा संकल्प नवऱ्यानं पुरा केला तर चालतो का?
"न चालायला काय? अर्धांगी म्हंत्यात ती काय लग्नापुरती व्हय?"
बरं वाटलं. मग म्हणाले, "पण पायात काय घालू नका. आन मागणं तिचंच पायजे. तुमचं मधी घालायचं न्हाई."
घरी येऊन शै.ला सांगितलं. म्हणाली, "तुमच्यानं हुईल?" त्यात चेष्टा होती, पण डोळे भरले होते.

२० डिसें.
अनवाणी. टाचांची चाळण झाली. आपल्या गावात इतके खडे आहेत हे बूटवाल्यांना कळत नाही.
आज लिंगासमोर हात जोडले आणि तोंडून निघून गेलं: आम्हाला सोलापुरातच ठेव. पुजाऱ्यांनी नको म्हटलेलं नेमकं तेच. जीभ चावली.

२ जाने.
सूज उतरली. शै. रिक्षानं येते, बूट घालून हुतात्मा बागेत हळूहळू चालते, मी लिंगं करून परततो. मग दोघं एका बाकावर. सुख आहे.
परवा फोनवर तिनं माधवीला विचारलं, "तुझ्या गॅलरीला ऊन येतं का गं? तुळस राहील का?"
तेव्हापासून डोक्यात एकच. तिथं लेक, नातू, लिफ्ट, रोज येणारं पाणी. मागणं पुण्याचं असेल तर? आणि तेच मी गावभर अनवाणी मागत फिरतोय? जायचं की नाही हे तिला मी एकदाही विचारलेलं नाही. राहायचं असं आपलं धरूनच चाललो. आता विचारावं तर संकल्प मोडेल म्हणते.

७ जाने.
दोन दिवस गेलो नाही. टाचांचं कारण सांगितलं. शै.नं गरम पाण्यात मीठ घालून माझे पाय त्यात ठेवले. त्यापेक्षा रागावली असती तर बरं.

११ जाने.
आठ तारखेपासून पुन्हा निघालो. आज शेवटचं लिंग. माधवी उद्या येते. शै. बागेत बाकापासून फाटकापर्यंत काठी न घेता आली. माधवीला तेवढं पुरेल का, सांगता येत नाही.
लिंगासमोर मी एकटाच होतो. हात जोडले. म्हणालो, शैलानं जे मागितलंय ते तिला मिळू दे, पुणं असलं तर पुणं. ते म्हणणं खोटं होतं, मला माहीत होतं. हात सोडले, परत जोडले, आणि तेच पुन्हा एकदा, नीट, मनापासून म्हणालो.